मदेइराचे पोर्तुगीज, जावाचे इंडोनेशियन: गयाना आणि सुरिनाममधल्या दोन स्थलांतरित समाजांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊसमळ्यांवर गेलेल्या करारबद्ध मजुरांबद्दल मी काही वर्षं लिहितो आहे. येणारी बहुतेक पत्रं भारतीय गिरमिटियांबद्दल असतात. पण त्याच मळ्यांवर, तशाच बराकींत राहिलेल्या आणखी दोन समाजांबद्दल लोक पुन्हा पुन्हा विचारतात: मदेइरा बेटावरून आलेले पोर्तुगीज आणि जावा बेटावरून आलेले इंडोनेशियन. दोघं ऊस तोडायला आले. एका समाजाने पंधरा-वीस वर्षांत गावोगावची दुकानं हाती घेतली, दुसरा दोन पिढ्या भातखाचरांतच राहिला. असं का झालं, हाच बहुतेक पत्रांचा गाभा असतो. तेच प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत.

१. पोर्तुगीज आणि इंडोनेशियन स्थलांतरितांची तुलना करायची तर थेट दक्षिण अमेरिकेत का जायचं? युरोपात दोघंही आहेत की.

आहेत, पण तिथे तुलना लंगडी पडते. लक्झेंबर्ग आणि फ्रान्समधले पोर्तुगीज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधकाम, साफसफाई, घरकाम अशा कामांसाठी गेले. नेदरलँड्समध्ये १९४५ नंतर इंडोनेशियातून जे आले त्यांतले बहुतेक मिश्र वंशाचे, डच शाळांत शिकलेले आणि डच नागरिकत्व असलेले होते. वसाहत संपली म्हणून ते आले. देश वेगळे, कारणं वेगळी, हातातली कागदपत्रंही वेगळी.

गयाना (तेव्हाचं ब्रिटिश गयाना, जिथे मदेइरावासी गेले) आणि सुरिनाम (तेव्हाची डच वसाहत, जिथे जावाची माणसं गेली) मात्र सख्खे शेजारी आहेत, मध्ये फक्त कोरांटाइन नदी. दोन्हीकडे पीक ऊसच, आणि दोन्हीकडे गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांची ओरडही एकच: हात कमी पडताहेत. बाकीच्या गोष्टी इतक्या सारख्या असल्या की फरक कुठून सुरू झाला ते स्पष्ट दिसतं.

२. पोर्तुगीज आणि मजूर? ते तर राज्यकर्ते होते ना?

वसईचा किल्ला आणि गोवा पाहिलेल्या माणसाला असं वाटणारच. पण आपल्याकडे आले ते कप्तान, पाद्री आणि व्यापारी. पोर्तुगालचा गरीब शेतकरी आपण पाहिलाच नाही. मदेइरा हे आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमधलं डोंगराळ बेट. तिथली जमीन थोड्या घराण्यांची आणि कसणारी कुळं अर्धेलीने राबणारी. पीक मुख्यतः द्राक्षांचं, त्याची वाइन इंग्रज व्यापारी जगभर विकत. १८४६-४७ मध्ये बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, १८५२ मध्ये द्राक्षवेलींवर भुरी पडली. इंग्रज व्यापाऱ्यांची मदेइरा आणि कॅरिबियन अशी दोन्हीकडे ये-जा होतीच, त्याच वाटेने माणसंही निघाली.

३. कोण कधी आलं, आणि किती?

पहिले ४० मदेइरावासी ३ मे १८३५ रोजी 'लुइझा बेली' या जहाजातून गयानाची राजधानी जॉर्जटाउनला उतरले. भारतीयांची पहिली जहाजं त्यानंतर तीन वर्षांनी, मे १८३८ मध्ये आली. १८८२ पर्यंत मदेइराहून ३०,००० हून अधिक माणसं आली.

जावाहून पहिली ९४ माणसं ९ ऑगस्ट १८९० रोजी सुरिनामला पोहोचली, ती मारिएनबुर्ग या साखरमळ्यासाठी. १९३९ पर्यंत जवळजवळ ३३,००० आली. म्हणजे आकडे जवळपास सारखे, सुरुवातीत मात्र ५५ वर्षांचं अंतर. या अंतराला फार महत्त्व आहे, त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

४. दोघांच्या करारात काय फरक होता?

पोर्तुगीजांचे सुरुवातीचे करार अल्पमुदतीचे होते. पुढे मुदत वाढली तरी ती भारतीयांच्या पाच वर्षांइतकी झाली नाही. परतीचं भाडं त्यांना मिळत नसे. करार संपला की माणूस मोकळा, आणि तो संपायच्या आत मळा सोडणारेही होते.

जावानीजांचा करार पाच वर्षांचा. पुरुषाला दिवसाला ६० सेंट, बाईला ४० सेंट. काम नाकारणं किंवा मळा सोडून जाणं हा फौजदारी गुन्हा होता. त्यासाठी दंड होई, तुरुंगही होई. मजुरीचा वाद दिवाणी कोर्टात नाही, तर थेट पोलिसांकडे जाई. मुदत संपल्यावर तीन वाटा असत: पुन्हा करार करायचा, फुकट परत जायचं, किंवा परतीचा हक्क सोडून १०० गिल्डर आणि जमिनीचा तुकडा घ्यायचा.

आणखी एक फरक सहसा कुणी सांगत नाही. सुरिनाममधले भारतीय हे ब्रिटिश प्रजा होते, त्यामुळे राजधानी पारामारिबोतल्या ब्रिटिश कॉन्सलकडे तक्रार नेण्याची सोय त्यांना होती. जावा डचांचंच, सुरिनामही डचांचंच. जावानीज मजुराला दाद मागायला तिसरं दार नव्हतं. मळेवाल्यांना जावाची माणसं हवीहवीशी वाटण्याचं हे एक मोठं कारण होतं.

(जाता जाता: आपला 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आला आहे. तिकडे 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं.)

५. पोर्तुगीज मळ्यावरून दुकानात इतक्या लवकर कसे पोहोचले?

आधी हे ध्यानात घ्या की मळ्यावर त्यांचे फार हाल झाले. पीतज्वर, हिवताप, उष्ण दमट हवा आणि दिवसभराची ऊसतोड. १८४१ मध्ये आलेल्यांत इतके मृत्यू झाले की पुढे काही वर्षं सरकारी पैशाने माणसं आणणं थांबवावं लागलं. जे वाचले ते मळ्यावर थांबायला तयार नव्हते.

पहिली पायरी फेरीवाल्याची. पाठीवर गाठोडं, त्यात कापड, सुया-दोरे, मीठ, खारवलेले मासे, आणि मळ्यामळ्यांतून, गावागावांतून पायपीट. दुसरी पायरी म्हणजे गावातलं छोटं दुकान. तिसरी रमचा गुत्ता, आणि खरा पैसा तिथेच होता. १८५१ मध्ये जॉर्जटाउनच्या २९६ दुकानांपैकी १७३ पोर्तुगीजांची होती. पहिलं जहाज लागून तेव्हा फक्त सोळा वर्षं झाली होती.

पण दुकानात भरायला माल लागतो, आणि तो उधार मिळावा लागतो. जॉर्जटाउनचे आयातदार इंग्रज आणि स्कॉटिश होते. त्यांनी पोर्तुगीजांना सढळ हाताने उधारी दिली. नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी किरकोळ व्यापारात पाय रोवायला सुरुवात केली होती, पण त्यांच्यासाठी हात आखडता घेतला. हिशेब सरळ होता. आफ्रिकी माणूस दुकान थाटून बसला तर ऊस कोण तोडणार?

६. तरी पण मुळात ते कष्टाळू आणि काटकसरी होते म्हणूनच वर गेले, असं नाही का?

कष्टाळू होतेच. घरची सगळी माणसं दुकानात राबत, गल्ल्यामागे रात्री झोपत, एकेक नाणं जपत. ते मी नाकारत नाही. पण हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा अशा वळणाने येतो की मग आफ्रिकी आणि जावानीज आळशी ठरतात, आणि तिथे मी ठामपणे नाही म्हणतो. मुक्त झालेल्या आफ्रिकी लोकांनी १८३९ पासून आपापली नाणी एकत्र करून अख्खे मळे विकत घेतले आणि तिथे गावं वसवली. याहून मोठी काटकसर कोणती? काटकसर दोघांकडे होती, उधारी एकालाच मिळाली. जावानीजांच्या बाबतीत तर दिवसाच्या ६० सेंटांतून शिल्लक टाकायची होती, तीही पाच वर्षं जागचं न हलता.

७. पोर्तुगीजांविरुद्ध दंगली झाल्या त्या कशामुळे?

मोठी दंगल फेब्रुवारी १८५६ ची. जॉन सेयर्स ऑर नावाचा एक रस्त्यावरचा प्रचारक भोंगा फुंकून कॅथलिकांविरुद्ध भाषणं करी, लोक त्याला 'एंजल गॅब्रिएल' म्हणत. त्याला अटक झाली आणि वसाहतभर पोर्तुगीजांची दुकानं फुटली. ठिणगी धर्माची होती, पण जळण दहा-वीस वर्षांचं साठलेलं होतं: चढे भाव, वजनातली लबाडी, उधारीची वही आणि हिरावून घेतलेला धंदा. १८८९ मध्ये जॉर्जटाउनच्या स्टॅब्रोक बाजारात पावावरून एका मुलाला मारहाण झाली आणि पुन्हा तेच घडलं.

मला दोन्ही बाजूंच्या माणसांबद्दल वाईट वाटतं. उधारीचं धोरण ठरवणारे आयातदार आपल्या पेढ्यांवर सुरक्षित होते, आणि आग लागली ती लाकडी दुकानांना.

८. पोर्तुगीज युरोपातलेच, मग त्यांना युरोपियन का धरत नसत?

ब्रिटिश गयानाच्या जनगणनेत 'युरोपियन' आणि 'पोर्तुगीज' असे दोन वेगळे रकाने होते. युरोपियन म्हणजे राज्य करणारे, मळ्यांचे मालक आणि साहेब. जो कुदळ घेऊन आला आणि ज्याने काउंटरवर मासे तोलले, तो रंगाने गोरा असला तरी त्या पंगतीत बसत नव्हता. भाषा वेगळी, धर्म कॅथलिक. १८६१ मध्ये त्यांनी जॉर्जटाउनला स्वतःसाठी सेक्रेड हार्ट चर्च बांधलं, त्यामागे हेही कारण होतं की प्रार्थना आणि प्रवचन आपल्या भाषेत व्हावं. (२००४ च्या नाताळात ते चर्च आगीत गेलं.) तरीही रंगाचा फायदा त्यांना झालाच. साहेबाच्या दिवाणखान्यात जागा नव्हती, पण त्याच्या पेढीवर खातं उघडायला अडचण आली नाही.

९. मग जावानीज दुकानदार का झाले नाहीत?

तीन कारणं, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली.

पहिलं, उशीर. १८३५ मध्ये गयानाच्या खेड्यांत दुकान जवळजवळ नव्हतंच. जावानीजांचे पहिले करार संपेपर्यंत सुरिनामच्या किरकोळ व्यापारात चिनी माणसं घट्ट बसली होती, आणि भाजीपाला, दूध, भात यांत १८७३ पासून आलेले भारतीय पुढे गेले होते. दारातून आत यावं तर खुर्च्या भरलेल्या, अशी गत.

दुसरं, करार (प्रश्न ४ पाहा). तिसरं, सरकारी धोरण. १९३३ ते १९४४ या काळात गव्हर्नर असलेल्या कील्स्ट्राने जावाच्या धर्तीवर वेगळी गावं वसवली, त्यांचे मुखियाही जावानीज. वाचायला हे छान वाटतं, आपली गावं, आपला पाटील. पण त्यामुळे लोक शहरापासून, डच शाळेपासून आणि नोकऱ्यांपासून दूर राहिले. सरकारला शांत बसणारे भातशेतकरी हवे होते. दहा वर्षांत आणखी १,००,००० जावानीज आणायची योजनाही आखली होती, ती महायुद्धामुळे बारगळली.

कोंडी फुटली ती बॉक्साइटमुळे. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी ॲल्युमिनियम हवं होतं. मुंगो आणि पारानामच्या खाणी जोरात चालल्या, अमेरिकी सैन्याचे तळ पडले, आणि कोमेवैने जिल्ह्याच्या भातखाचरांतली तरुण मुलं पहिल्यांदा रोकड पगारावर गेली. पारामारिबोतल्या जावानीज वस्त्या त्यानंतर वाढल्या.

१०. परतीचा प्रवास फुकट होता, तरी जावानीज परत का गेले नाहीत?

काही गेले, साधारण चौथा हिस्सा. बाकीच्यांना जमीन मिळाली, मुलं झाली. काहींना हात हलवत गावी जायची लाज वाटली. मग युद्ध आलं आणि जहाजंच थांबली. १९४९ नंतर इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर दोन वर्षांत इंडोनेशियन की डच नागरिकत्व ते ठरवायचं होतं, आणि घराघरांत वाद झाले.

१९५४ मध्ये साधारण १,००० माणसं 'लांगकुआस' जहाजाने परतली. पण ती जावात नव्हे, तर पश्चिम सुमात्रातल्या तोंगार इथे वसली. तिथे जंगल तोडून सुरुवात करावी लागली. ज्यांनी जावा कधी पाहिलं नव्हतं ती मुलं 'मायदेशी' जाऊन पुन्हा परकी झाली. या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट हीच आहे.

मदेइरावाल्यांना परतीचं भाडं नव्हतं, तरी पैसा जमल्यावर बरेच जण स्वखर्चाने जाऊन-येऊन असत. त्यांचं बेट तुलनेने जवळ होतं.

११. या विषयात गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव कसं येतं?

गोखल्यांनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीला जाणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. ४ मार्च १९१२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धतच रद्द करा असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला, पण विषय मागे पडला नाही. १९१६ मध्ये सुरिनामला भारतीयांचं शेवटचं जहाज गेलं, १९१७ मध्ये भरतीच थांबली.

आता दुसरी बाजू. भारताचं दार बंद झाल्यावर सुरिनामच्या मळेवाल्यांना एकच झरा उरला, जावा. त्यानंतर जावानीजांची आवक वाढली. भारताच्या बाजूने बोलायला कायदेमंडळात एक गोखले तरी उभे राहू शकले. जावाच्या खेडुताला तेव्हा असा मंच नव्हता.

१२. बायकांची परिस्थिती कशी होती?

मदेइराहून पुष्कळदा कुटुंबंच्या कुटुंबं आली, आणि दुकान चालवण्यात बायकोचा वाटा नवऱ्याइतकाच होता. जावाहून सुरुवातीला बायका कमी आल्या. मजुरी कमी, घरकाम वेगळं, आणि मुकादम-साहेबांच्या नजरेपासून बचाव करणं हे आणखी एक काम. १९०२ च्या मारिएनबुर्ग उठावात मजुरांचा राग मजुरीच्या दरांवर होता, तसाच मजूर स्त्रियांशी मॅनेजर जसं वागे त्यावरही होता. उठाव मुख्यतः भारतीयांचा होता. मॅनेजर मारला गेला आणि सैनिकांच्या गोळीबारात २४ मजूर मेले.

१३. सुरिनाममधले काही जावानीज पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतात, हे खरं आहे का?

खरं आहे. जावाहून मक्का पश्चिमेला. लोक सुरिनामला आले तरी आजोबांनी दाखवलेली दिशा सोडली नाही, जरी तिथून मक्का पूर्वेला पडते. पुढे १९३० च्या दशकापासून सुधारणावाद्यांनी दिशा बदलायला सांगितलं आणि समाजात 'पश्चिमवाले' आणि 'पूर्ववाले' असे दोन गट झाले. मशिदीही वेगळ्या. पश्चिमवाल्यांनी स्लामेतान या सामुदायिक जेवणासारखे जुने जावाचे विधी जास्त जपले.

१४. खाण्यापिण्यात काय उरलं आहे?

गयानात नाताळच्या सकाळी 'गार्लिक पोर्क' करतात, आता इतर समाजांतही. व्हिनेगर-लसणात काही दिवस मुरवलेलं डुकराचं मांस, मदेइराची 'कार्न द विन्या द आल्योस'. हेच नाव गोव्यात येऊन 'विंदालू' झालं! गोव्याने त्यात मिरची आणि मसाला घातला, गयानाने आपली वेगळी तिखट मिरची. सुरिनाममध्ये जावानीजांचं 'साओतो' सूप आणि बामी नूडल्स हे आता साऱ्या देशाचं जेवण आहे, आणि पारामारिबोच्या ब्लाउग्रोंड भागातल्या वारुंगांत (छोट्या खानावळींत) सगळे वंश शेजारी बसून जेवतात.

१५. आज कोण कुठे आहे?

चित्र उलटलं आहे. २०१२ च्या जनगणनेत गयानाच्या साधारण साडेसात लाखांत पोर्तुगीज जेमतेम दोन हजार. १९६० च्या दशकात पीटर डी'अग्वियर या पोर्तुगीज वंशाच्या उद्योगपतीने 'युनायटेड फोर्स' पक्ष काढला आणि तो अर्थमंत्रीही झाला. पण १९६६ च्या स्वातंत्र्याच्या आगेमागे बहुतेक पोर्तुगीज कुटुंबं कॅनडा, इंग्लंड, अमेरिकेत गेली. पैसा आणि ओळखी होत्या, म्हणून जाणं सोपं गेलं. पोर्तुगीज भाषा तर त्याआधीच घरातून गेली होती.

सुरिनाममध्ये २०१२ मध्येच जावानीज ७४,००० च्या आसपास होते, लोकसंख्येच्या १३.७ टक्के. १९७५ च्या स्वातंत्र्याच्या सुमाराला बरेच नेदरलँड्सला गेले, तरी समाज जागेवर राहिला. राजकीय नेते इडिंग सुमिता यांच्यापासून त्यांचे पक्ष आहेत, आणि आघाडी सरकारं बनवताना त्यांना विचारल्याशिवाय चालत नाही. ज्यांच्याकडे जमीन होती ते राहिले.

१६. सुरिनाममध्येही 'पोर्तुगीज' होते असं वाचलं. ते हेच का?

नाही, गोंधळ करू नका. सतराव्या शतकात तिथे पोर्तुगीज वंशाचे ज्यू आले. त्यांची 'योडेनसव्हान' ही वस्ती होती, आणि ते मळ्यांचे व गुलामांचे मालक होते. १८५३ पासून थोडे मदेइरावासी सुरिनामलाही मजूर म्हणून आणले गेले, पण गयानासारखा समाज तिथे उभा राहिला नाही.

१७. गोव्यातले पोर्तुगीज पासपोर्ट घेणारे लोक यात धरायचे का?

नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो, आणि बरेच जण त्यावर इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनला स्थायिक झाले. ती गोवेकरांच्या स्थलांतराची गोष्ट आहे, तिला वेगळं पान हवं.

१८. गयाना-सुरिनामला मराठी माणसं गेली होती का?

तिकडे जाणारी भरती मुख्यतः कलकत्त्याहून, म्हणजे भोजपुरी-अवधी मुलखातली. मराठी मजूर मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले, त्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ. तिथला मराठी समाज आजही आहे.

१९. आमच्या नात्यात सुरिनामी जावानीज कुटुंब आलं आहे. त्यांच्या पणजोबांचं गाव शोधता येईल का?

बऱ्याचदा येतं. सुरिनामला आलेल्या भारतीय आणि जावानीज मजुरांच्या नोंदवह्या टिकल्या आहेत, आणि त्या संगणकावर शोधता येतात. नाव, वय, उंची, जहाज, मळा आणि मूळ गाव असं त्यात मिळतं. अडचण नावाची असते. जावात एकच नाव असे, आडनाव नसे, आणि डच कारकुनाने ते कानाला आलं तसं लिहिलेलं असे. म्हणून आडनावावरून शोधू नका. जहाजाचं नाव किंवा मळ्याचं नाव घरच्या म्हाताऱ्या माणसांना आठवतं का ते आधी विचारा, आणि तिथून सुरुवात करा.